दोन आवाज, एक खोबण



हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जा. उशीखाली, कपाटात, नाहीतर वह्यांच्या ढिगात एक तरी इअरफोन सापडतोच. त्याच्या एका बाजूवर बारीक अक्षरात एल लिहिलेलं असतं, दुसऱ्या बाजूवर आर. डावा आणि उजवा. आपण ते बघतसुद्धा नाही, कानात कोंबतो आणि मोकळे होतो. पण दोन कानांना दोन वेगळे आवाज द्यायचे आणि त्यातून डोळ्यांसमोर अख्खं स्टेज उभं करायचं, हे कुणीतरी एकदा नीट विचार करून, गणित मांडून, यंत्र बनवून दाखवलं असणार ना?

त्या माणसाचं नाव अॅलन डॉवर ब्लमलाइन. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात हे नाव मोठ्या आदराने घेतलं जातं. मायक्रोफोनच्या एका मांडणीला तर आजही जगभर ब्लमलाइन पेअर असंच म्हणतात. आपल्या लॅबमध्ये मात्र त्याची सर्किटं भेटतात, नाव भेटत नाही. म्हणून हा लेख.

आधीच एक सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे लिहिताना इंग्रजी शब्द येणार. रेकॉर्डवरच्या ग्रूव्हला मराठीत काय म्हणायचं हे मी आजीला विचारलं. तिने सुतारकामातला शब्द काढून दिला, खोबण. तोच या लेखाला पुरला. आजीच्या माळ्यावर लाखेच्या जुन्या तबकड्या आहेत, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या. ते चित्र ग्रामोफोन कंपनीचं. १९३१ साली ती कंपनी कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत मिसळून ई.एम.आय. तयार झाली, आणि आपला नायक तिथेच नोकरीला होता. म्हणजे तो आपल्या घरापासून तितकासा लांबचा नाही.

घंटेचं बिल

अॅलनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमधल्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील मूळचे जर्मन, नंतर ब्रिटिश नागरिक झालेले, पेशाने खाणींचे इंजिनिअर. आई दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली, एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी.

सात वर्षांचा असताना या मुलाने घरच्या दारावरची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिलं. बिलाखाली स्वतःच्या नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर असं लिहून सही! आम्ही सातव्या वर्षी शेजाऱ्यांच्या घंटा वाजवून पळत होतो.

पण हाच मुलगा वाचनात भयंकर मागे. त्याच्या बहिणीच्या आठवणीनुसार बाराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं, वर्गसमीकरणं मात्र यायची. आपल्याकडे अशा मुलाला शाळेने काय म्हटलं असतं याचा विचार न केलेला बरा. पुढे तो हायगेट स्कूलमध्ये शिकला. तिथून स्कॉलरशिप मिळवून सिटी अँड गिल्ड्स कॉलेजमध्ये गेला. हे कॉलेज म्हणजे लंडनच्या इंपीरियल कॉलेजचाच भाग. त्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला आणि दोन वर्षांत तो फर्स्ट क्लासमध्ये पास होऊन बाहेर पडला. वय वीस. माझंही वय आत्ता वीस आहे. यावर मी जास्त काही बोलत नाही.

दोन बोलणी वेगळी ठेवायची

१९२४ साली ब्लमलाइन इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनच्या कंपनीत लागला. तिथे त्याने दोन कामं केली, आणि पुढचं सगळं त्या दोन कामांतूनच उगवलं असं मला वाटतं.

पहिलं काम कानाचं. माणसाचा कान कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती तिखट असतो याची मोजमापं त्याने केली आणि त्यानुसार वजन देणारी सर्किटं बनवली. म्हणजे आवाजाचं शेवटचं स्टेशन तार नाही, स्पीकर नाही, तर कान आहे, हे त्याच्या डोक्यात सुरुवातीलाच पक्कं बसलं.

दुसरं काम क्रॉसटॉकचं. लांब पल्ल्याच्या केबलमध्ये तारांच्या जोड्या शेजारी शेजारी धावतात. एका जोडीतलं बोलणं दुसरीत पाझरतं आणि तुम्हाला तिसऱ्याच कुणाचा तरी संसार ऐकू येतो. लँडलाइनच्या काळातल्या लोकांना हे चांगलं आठवत असेल. हे पाझरणं कमी करण्याच्या युक्त्या ब्लमलाइनने शोधल्या. शेजारी शेजारी राहूनही दोन सिग्नल एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, ही विद्या तो इथे शिकला.

१९२९ साली तो कोलंबियात आला. तिथे त्याचे वरिष्ठ होते आयझॅक शोनबर्ग. कंपनीची अडचण अगदी व्यवहारी होती. विजेवर रेकॉर्ड कापण्याची पद्धत अमेरिकन पेटंटखाली होती आणि तिच्यासाठी रॉयल्टी मोजावी लागे. ब्लमलाइनला सांगण्यात आलं की त्या पेटंटला हात न लावता नवीन यंत्र बनव. त्याने सहकाऱ्यांच्या मदतीने मूव्हिंग कॉइलवर चालणारं कटर बनवलं. ते जुन्यापेक्षा चांगलं तर निघालंच, शिवाय रॉयल्टी वाचली. १९३१ साली लंडनमध्ये अॅबी रोड स्टुडिओ उघडला तेव्हा हीच पद्धत तिथे वापरात आली.

नट चालतो, आवाज उभा

१९३१ सालच्या सुरुवातीची गोष्ट. बोलपट नवीन होते. ब्लमलाइन आपल्या होणाऱ्या बायकोला, डोरीनला, घेऊन सिनेमाला गेला. पडद्यावर नट एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जाई आणि त्याचा आवाज मात्र आपला एकाच जागी खिळलेला, कारण आवाजाचा उगम एकच. बाकीचे प्रेक्षक सिनेमा बघत होते. याला तो आवाज टोचत होता. नटाबरोबर आवाजही चालला पाहिजे आणि ते कसं करायचं हे आपल्याला सुचलंय, असं त्याने तिला सांगितलं.

दोन कानांना दोन आवाज ही कल्पना तशी अगदी कोरी नव्हती. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने थिएटरमधला आवाज दोन टेलिफोनांनी दोन कानांपर्यंत पोचवला होता. पण त्यात प्रत्येक श्रोत्याला दोन्ही कानांशी टेलिफोन धरावे लागायचे. ब्लमलाइनला हवं होतं ते वेगळं. समोर दोन स्पीकर, लोक आपापल्या खुर्चीत मोकळे बसलेले, आणि तरी आवाज योग्य जागेवरून यायला हवा.

इथे त्याचं कानाचं ज्ञान कामाला आलं. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी भेटतो, उजव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सुमारे ०.६५ मिलिसेकंदाचा, कारण डोक्याला वळसा घालून जायला तेवढाच वेळ लागतो. खालच्या फ्रीक्वेन्सीला मेंदू मुख्यतः हा वेळेचा फरक वापरतो. वरच्या फ्रीक्वेन्सीला डोकंच मध्ये आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज बारीक ऐकू येतो, आणि मेंदू त्यावरून दिशा ओळखतो.

आता दोन स्पीकर समोर ठेवले की एक घोटाळा होतो. प्रत्येक कान दोन्ही स्पीकर ऐकतो. बहुतेकांनी हा घोटाळा टाळायचा प्रयत्न केला असता. ब्लमलाइनने त्याचाच उपयोग केला. त्याने गणिताने दाखवलं की दोन स्पीकरच्या आवाजात फक्त लहानमोठेपणाचा फरक ठेवला, तर खालच्या फ्रीक्वेन्सीला दोन्ही आवाज कानापाशी मिसळून आपोआप वेळेचा फरक तयार होतो. म्हणजे वेळेचा फरक आपण द्यायचाच नाही, तो श्रोत्याच्या डोक्यापाशी घडू द्यायचा.

यातूनच ब्लमलाइन पेअर आली. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं क्षेत्र असलेले दोन मायक्रोफोन घ्यायचे, ते शक्य तितके एकाच जागी ठेवायचे, आणि एकाचं तोंड ४५ अंश डावीकडे, दुसऱ्याचं ४५ अंश उजवीकडे वळवायचं. मधला कोन ९० अंश. दोघांची जागा एक, त्यामुळे आवाज दोघांनाही एकाच क्षणी पोचतो. फरक उरतो तो फक्त जोराचा.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. १४ जून १९३३ रोजी पेटंट मंजूर झालं, क्रमांक ३९४३२५, त्यात एकूण ७० दावे. स्टिरिओ हा शब्द त्याने वापरला नाही, तो बायनॉरल म्हणायचा. मायक्रोफोनची मांडणी, बेरीज-वजाबाकीची सर्किटं, सिनेमाच्या फिल्मवर दोन आवाज टिपण्याची रीत आणि रेकॉर्डवर ते कापण्याची रीत, सगळं त्या एका पेटंटमध्ये होतं.

एकच खोबण

त्या पेटंटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट खोबणीची आहे.

दोन आवाज एका तबकडीवर ठेवायचे तर सरळ मार्ग कुठला? दोन खोबणी कापा. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजच्या आर्थर केलरने १९३२ साली फिलाडेल्फियाच्या ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण असंच केलं, दोन आवाज दोन वेगळ्या खोबणींत. काम उत्तम झालं, पण वाजवताना दोन सुया लागणार आणि त्या दोन्ही अगदी एकाच क्षणाच्या जागी ठेवाव्या लागणार. एक सुई जराशी पुढे, की डावा-उजवा जमणार नाही.

ब्लमलाइनने एकच खोबण घेतली. खोबणीचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा. त्याला दोन भिंती, दोन्ही तबकडीच्या पृष्ठभागाशी ४५ अंशात कललेल्या, म्हणजे एकमेकींशी ९० अंशात. त्याने एका भिंतीवर डावा आवाज कापला, दुसरीवर उजवा. सुई एकच. ती एका वेळी दोन्ही भिंतींना टेकलेली असते. काटकोनातले दोन व्हेक्टर एकमेकांत मिसळत नाहीत हे आपण फर्स्ट इयरला शिकतो, त्यामुळे आवाज वेगळे राहिले. आणि सुई एकच असल्यामुळे वेळ चुकण्याचा प्रश्नच संपला. टेलिफोनच्या नोकरीत त्याने सिग्नल वेगळे ठेवायला शिकून घेतलं होतं. इथे ते वेगळे ठेवून एकत्र बांधले.

आणखी एक गंमत. दोन्ही आवाजांची बेरीज केली की सुईची आडवी हालचाल मिळते, वजाबाकी केली की उभी. पुढे १९५० च्या दशकात हीच रीत बाजारात आली, तेव्हा नवीन स्टिरिओ रेकॉर्डमधल्या आडव्या हालचालीतून साधा मोनो आवाजही मिळू लागला. एफ.एम. रेडिओचा स्टिरिओसुद्धा असाच बेरीज-वजाबाकीवर चालतो. बेरीज मुख्य सिग्नलमध्ये जाते, वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या सबकॅरिअरवर.

दोन कार्डं, दोन घड्याळं

एका खोबणीची किंमत मला कळली ती आमच्या घरच्या कॉम्प्युटरमुळे. त्याला दोन साउंड कार्डं आहेत. एक मदरबोर्डवरचं आणि एक यूएसबीवर लावायचं, जे बाबांनी तबल्याचा रियाझ रेकॉर्ड करण्यासाठी घेतलं. सुट्टीत मी एक प्रयोग मुद्दाम करून पाहिला. लिनक्समध्ये दोन्ही कार्डं जोडून एकच स्टिरिओ कार्ड असल्याचा आभास निर्माण केला, कुठलीही दुरुस्ती न लावता. डावा स्पीकर मदरबोर्डच्या कार्डावर, उजवा यूएसबीच्या. मग दोघांवर एकाच गायिकेचा तोच मोनो आवाज सोडला. सुरुवातीला ती बरोबर मध्यभागी उभी होती. वीसेक सेकंदांत ती सरकत सरकत एका स्पीकरमध्ये जाऊन बसली! आवाजाची पातळी कुणी हलवली नव्हती, गाणंही तेच. ब्लमलाइनच्या सिनेमात नट चालायचा आणि आवाज उभा राहायचा. आमच्याकडे गायिका उभी आणि आवाज चालायला लागला.

कारण असं. प्रत्येक साउंड कार्डात स्वतःचा क्रिस्टल असतो, तेच त्याचं घड्याळ. सेकंदाला ४८,००० सॅम्पल असं दोघंही सांगतात, पण कुठलाही साधा क्रिस्टल अगदी तंतोतंत नसतो. दहा लाखांत पन्नास इतका फरक दोघांत असणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. ऐकायला काहीच वाटत नाही, पण हिशोब करा. दर सेकंदाला ५० मायक्रोसेकंद. तेरा सेकंदांत झाले ०.६५ मिलिसेकंद, म्हणजे दोन कानांमधला सगळा फरक संपला. दहा मिनिटांत ३० मिलिसेकंद, म्हणजे द्रुत लयीतला तबला तानपुऱ्याबरोबर राहिला तरी गाण्याबरोबर राहणार नाही.

हे वाचून कुणी गॅदरिंगच्या रेकॉर्डिंगला दोन कार्डं वापरणार असेल तर या गोष्टी ध्यानात असू द्या. एक, कार्डांना नंबरावरून ओळखू नका. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाल्यावर शून्य नंबरचं कार्ड एक नंबरचं होऊ शकतं, म्हणून सेटिंगमध्ये कार्डाचं नाव द्या. दोन, दोन्ही कार्डांचा सॅम्पल रेट एकच ठेवा. तीन, कार्डांना डिजिटल इन-आउट असेल तर केबलने जोडून एकाला मालक करा आणि दुसऱ्याला त्याच्या घड्याळावर चालायला लावा. चार, तशी सोय नसेल तर घड्याळाचा फरक बघून सॅम्पल जुळवून घेणारं सॉफ्टवेअर वापरा. लिनक्सवर पल्सऑडिओमध्ये कार्डं जोडण्याची जी सोय आहे ती असंच करते, मॅकवर त्यासाठी ड्रिफ्ट करेक्शनचा पर्याय असतो. पाच, काहीच जमलं नाही तर कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या माइकसमोर एकेक टाळी वाजवा. दोन रेकॉर्डिंगमधल्या टाळ्यांचं अंतर मोजलं की किती ताणायचं ते कळतं. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे चार माइकला चार इनपुटचं एकच कार्ड घ्या. चार वाटा, घड्याळ एक. म्हणजे पुन्हा ब्लमलाइनची खोबणच की!

स्टिरिओ कपाटात, टीव्ही बाहेर

डिसेंबर १९३३ पर्यंत हेज इथल्या ई.एम.आय.च्या प्रयोगशाळेत पहिल्या स्टिरिओ तबकड्या कापून झाल्या. त्यांत ब्लमलाइन आणि त्याचे सहकारी नुसते हॉलमध्ये चालत, बोलत आहेत. जानेवारी १९३४ मध्ये अॅबी रोडला सर थॉमस बीचम मोझार्टची ज्युपिटर सिंफनी बसवत होते, तीही या पद्धतीने टिपली गेली. १९३५ साली दोन आवाजांच्या छोट्या फिल्म बनल्या. त्यांतली एक हेज स्टेशनवरच्या आगगाड्यांची. गाडी जिकडे जाते, आवाज तिकडे जातो.

आणि मग काय? काही नाही. मंदीचा काळ होता. एका स्पीकरचा ग्रामोफोनच लोकांना परवडत नव्हता, तिथे दोन स्पीकर कोण घेणार? शिवाय कंपनीला टेलिव्हिजनची घाई झाली होती. स्टिरिओ कपाटात गेलं आणि ब्लमलाइनला दुसऱ्या कामावर लावलं गेलं. आपला कुणाचा प्रोजेक्ट असा बंद झाला असता तर आपण वर्षभर तोंड वाकडं करून हिंडलो असतो. हा माणूस टीव्हीच्या कामात तितक्याच जोराने घुसला.

शोनबर्ग यांच्या टीममध्ये मोठमोठी माणसं होती. त्यांनी ४०५ रेषांची पूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धत उभी केली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.ने टीव्ही सुरू केला. सुरुवातीला ही पद्धत आणि बेअर्ड यांची २४० रेषांची पद्धत आलटूनपालटून चालायची. काही महिन्यांतच बेअर्डची पद्धत बंद झाली. पुढच्या मे महिन्यात राजा सहावा जॉर्ज याच्या राज्यारोहणाची मिरवणूक टीव्हीवर दिसली.

या काळातलं ब्लमलाइनचं एक सर्किट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दोन व्हॉल्व्हचे कॅथोड एकत्र जोडायचे आणि खाली एक मोठा रेझिस्टर लावायचा, म्हणून नाव लाँग टेल्ड पेअर, लांब शेपटीची जोडी. १९३६ चं हे पेटंट. दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंगाट गळून पडतो, फरक तेवढा पुढे जातो. ओळखलंत ना? आपला डिफरन्शियल अॅम्प्लिफायर! ७४१ ऑप-अॅम्पच्या तोंडाशी हीच जोडी बसलेली असते. जर्नलमध्ये सी.एम.आर.आर.चं रीडिंग आपण सगळ्यांनी काढलंय (किंवा कुणाचं तरी बघून लिहिलंय). जर्नलच्या त्या पानावर ब्लमलाइनचं नाव नसतं एवढंच.

त्याच्या नावावर एकूण १२८ पेटंटं आहेत. १९२४ ते १९४२ या अठरा वर्षांत. त्याने रिसर्च पेपर फार लिहिले नाहीत, भाषणं केली नाहीत. त्याचं लेखन म्हणजे पेटंट, आणि पेटंट कोण हौसेने वाचतं? नाव मागे पडायला हेही एक कारण झालं असावं. कामाबाहेर विमान चालवण्याचा त्याला नाद होता. १९३३ साली डोरीनशी लग्न झालं, दोन मुलगे झाले.

एक नट

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ई.एम.आय.ची माणसं रडारकडे वळली. रात्री शत्रूची विमानं शोधणाऱ्या रडारमध्ये ब्लमलाइनचा हात होताच. मग एच-टू-एस नावाचं काम आलं. बॉम्बर विमानाच्या पोटाखाली फिरणारा अँटेना, मॅग्नेट्रॉनमधून निघणाऱ्या सुमारे दहा सेंटिमीटरच्या लहरी आणि आत पडद्यावर खालच्या जमिनीचा नकाशा, ढगातून आणि अंधारातूनही. युद्धातलं अत्यंत गुप्त काम.

रविवार, ७ जून १९४२. हे यंत्र बसवलेलं हॅलिफॅक्स विमान, क्रमांक व्ही ९९७७, डेफर्ड विमानतळावरून चाचणीसाठी उडालं. ब्लमलाइन आणि त्याचे ई.एम.आय.मधले दोन सहकारी, सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लाइदन, विमानात होते. उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनाने पेट घेतला. आग विझली नाही, पंखापर्यंत गेली, आणि हेरफर्डशरमधल्या वेल्श बिकनर या गावाजवळ विमान कोसळलं. आतली अकराच्या अकरा माणसं गेली. ब्लमलाइनला एकोणचाळिसावं वर्ष पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते.

तपासात कारण निघालं ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. इंजिनातल्या एका व्हॉल्व्हच्या टॅपेटचा नट देखभालीच्या वेळी नीट आवळला गेला नव्हता. तो उडताना सैल होत गेला, व्हॉल्व्ह तुटला, जळतं इंधन जिथे जायला नको तिथे गेलं. बस. मॅग्नेट्रॉन, नवी रडार, सगळं गणित एका बाजूला आणि हातात मावेल एवढा एक नट दुसऱ्या बाजूला.

मी ही गोष्ट त्या मेकॅनिकला दोष द्यायला सांगत नाही. युद्धाच्या दिवसांत तो किती तासांचा जागा होता कुणास ठाऊक. पण आपण वर्कशॉपच्या तासाला फिटिंगचं काम हसण्यावारी नेतो आणि डोकं लागतं ते फक्त डिझाइनला असं समजतो. ब्लमलाइनच्या डिझाइनमध्ये काही कमी नव्हतं.

ढिगाऱ्यातून मॅग्नेट्रॉन परत आणण्याचं काम बर्नार्ड लव्हेल या तरुण शास्त्रज्ञावर आलं. पुढे रेडिओ दुर्बिणीमुळे प्रसिद्ध झालेले लव्हेल ते हेच. एवढी माणसं गेली तरी काम थांबलं नाही. जानेवारी १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात एच-टू-एस पहिल्यांदा वापरलं गेलं. त्याने पाडलेल्या बॉम्बखाली साधी माणसंही मेली, तेही इथे नमूद करायला हवं. ब्लमलाइनच्या मृत्यूची बातमी मात्र युद्धकाळात दाबून ठेवली गेली, शत्रूला सुगावा लागू नये म्हणून. ज्याच्यामुळे आवाजाला जागा मिळाली, तो गेला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

नंतर

१९५८ साली स्टिरिओ रेकॉर्ड दुकानात आल्या. त्या अमेरिकेतल्या वेस्ट्रेक्सच्या पद्धतीने कापलेल्या होत्या. एकच खोबण, दोन भिंती, ४५ आणि ४५ अंश. हे सगळं ब्लमलाइनच्या पेटंटमध्ये पंचवीस वर्षांपूर्वी छापलेलं होतं, पण तोवर पेटंटची मुदत संपून गेलेली. डोरीनने पतीबरोबर जे सिनेमाच्या खुर्चीत पहिल्यांदा ऐकलं, ते घरोघरी पोचलं तेव्हा तो नव्हता.

नाव परत यायला वेळ लागला. १९७७ साली लंडनमधल्या ईलिंग भागात त्याच्या घरावर निळी पाटी लागली. २०१५ साली आय.ट्रिपल.ई.ने स्टिरिओच्या शोधासाठी अॅबी रोडला माइलस्टोनचा मान दिला. २०१७ साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं, मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षांनी.

मला विचाराल तर त्याला खरी ओळख मिळते ती पाटीत नाही. हेज स्टेशनच्या आगगाड्यांची ती पाचेक मिनिटांची फिल्म आजही ऐकता येते. रूममेटचे चांगले हेडफोन मागून घ्या, एल डाव्या कानाला, आर उजव्या कानाला, उलटे नको. डोळे मिटा. गाडी एका बाजूने येईल, तुमच्या कपाळासमोरून जाईल आणि दुसऱ्या बाजूला निघून जाईल. त्या गाडीबरोबर आवाज चालावा एवढंच त्या माणसाला हवं होतं. १९३५ पासून तो बरोबर चालतो आहे, एक मिलिसेकंदसुद्धा मागे न पडता.